आल्ड्रेडकाकांच्या मातीला मॉर्वेनाबाईंचं रिंगण

प्रिय आई,

जोरीचा साष्टांग. जेवतो वेळेवर, खोकला थोडाच उरलाय. कोंबड्या अंडी देतात ना?

काल इथे ग्लास्टनबरीत माझ्या ओळखीच्या आल्ड्रेडकाकांना पुरलं. वाटेत लंगडा कोल्हा दिसला, ते राहू दे. काका थोर-ओडिन या उत्तरेकडच्या जुन्या देवांना मानणारे, आमच्या देवीपूजक विक्का मंडळातले नव्हेतच. तरी आमच्या पुजारीण मॉर्वेनाबाईंनी सुरीने कबरीभोवती रिंगण आखलं, म्हणाल्या, "सगळ्या देवी एकच!" किळस आली मला.

काकांची बहीण हिल्डा शिंगात मधाची दारू घेऊन आली, भावाच्या मातीवर ओतायला. बाई म्हणाल्या, "रिंगण मोडेल, थांबा."

हिल्डाबाई कडाडल्या, "अहो बाई, जुने देव मानणाऱ्या आम्हा पेगनांच्या गल्लीत तुमचं एक घर आहे. गल्ली तुमच्या बापाची नाही!"

सुरीने रेघेत दार कापल्याशिवाय रिंगण ओलांडायचं नाही, हा आमचा नियम. मी सरळ ओलांडलं, हिल्डाबाईंना हाताला धरून आत आणलं. त्यांनी वाडवडिलांची नावं घेत दारू ओतली.

मंडळाने मला हाकललं. काळजी नको, हिल्डाबाईंच्या माळ्यावर झोपतो. त्या म्हणाल्या, "राहा पोरा. आमच्या थोरला नमस्कार केलाच पाहिजे असं नाही हं."

बाबांना यातलं निम्मंच सांग.

तुझा भटक्या, पण धडधाकट,
जोरी