आधी सही, ठराव मागनं

६ फेब्रुवारी ७३
सोसायटीची मिटींग. नवी विहीर गायरानात पाडायची ठरलं. म्हंजी समद्यांना पाणी, बौद्धवाड्यालाबी. चेरमन बापूरावांनी कोरं पान पुढं केलं. आमची रीतच हाय, आधी सह्या, ठराव मागनं. बाकीच्यांचे अंगठे, सही माझी. म्हनलं, "भाऊ, ह्याच्यावर माझं दुसरं लगीन ठरवू नका हां!" लई हसले. राखी बांधते त्यांना. आमचे मालक गेल्यापास्नं त्येंचाच आधार.

२ मार्च
सुरुंगाचा आवाज वढ्याकडनं आला. गायरान तर उगवतीला. शेजारची गोदा पळत आली, "आक्के, विहीर चेरमनच्या मळ्यात चाललीय!"
म्हनलं, भांग प्यालीस का.
जाऊन बघितलं. खरं हाय.

५ मार्च
बौद्धवाड्यातला निवृत्ती सेक्रेटरीकडनं ठरावाची वही घेऊन आला. वाचून दावली. विहीर अध्यक्षांच्या जमिनीत. पाणी कुणाला द्यायचं, कुणाला न्हाय, अध्यक्ष ठरवतील. खाली माझी सही. नावाखाली मी वढते ती रेघसुदिक.
"आक्का, तुमी तर साळंत गेलेल्या. तुमीबी?"
चेष्टा सुचली न्हाय.

६ मार्च
तुळजापूरच्या देवीची परडी घिऊन चेरमनच्या दारात. म्हनलं, हात ठिवा हिच्यावर आन् सांगा, चुकून झालं म्हणून. त्येंनी हात मागं घेतला.
"पाणाड्यानं तिथंच पाणी दावलं, ताई. आन् तुला कोण अडवतंय? तू कवाबी ये."
"आन् निवृत्तीच्या घरची?"
तंबाखू मळत बसले.

११ मार्च
चावडीम्होरं सभा. उभी राहून सांगितलं, कोऱ्या पानावर सही म्या केली.
बापूराव म्हनले, "चारचौघांत भावाची अब्रू काढतीस?"
"भाऊ, माझीबी त्याच पानावर हाय."
त्येंना चेरमनच्या खुर्चीवरनं उतरवलं. आता वही चावडीत ऱ्हानार. मोठ्यानं वाचल्याबगर सही न्हाय, अंगठा न्हाय. उरल्या जागेवर काट मारायची. एकट्या चेरमननं काय बी ठरवायचं न्हाय.
विहीर मातुर त्येंच्याच रानात. ती काय उचलून आणता येती?

२९ मार्च
पाणी लागलं. गोड हाय म्हनं. मळ्याच्या वाटंला फाटक बसलं, माझ्या दारासमोरच. गोदानं गोडीगुलाबीनं दोन घागरी आणल्या. मी गेले न्हाय. आडातलं गढूळ पाणी गाळून पिते.

३ एप्रिल
सकाळी नवा चेरमन आला, गडबडीत. "आक्का, टँकरचा ठराव तालुक्याला न्यायचाय. सही करा, मजकूर एसटीत लिहितो."
"आन् नेम?"
"माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"
म्हनलं, लई हाय, म्हणून तर भ्या वाटतं. बसवलं, लिहून घेतलं, वाचाय लावलं. एसटी गेली. आता दुसरी उद्या.
दुपारी निवृत्तीची म्हातारी माय फाटकापाशी घागर घिऊन. बापूरावांचा गडी तिला सांगतोय, "ताईंना संगं आण, त्यांच्या नावावर सोडतो." माझ्या दारापत्तुर ऐकू येतंय. ती हिकडंच बघतीय.
माझी घागर दारात पालथी हाय. अजून हात लावला न्हाय.