गुलाबरावाचं तोंड दाराकडं

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज देऊळगाव राजाले पोचली. सोनाळ्याहून पहाटेच निघाली, तीन गाड्या बदलल्या, कंबरेचा भुगा झाला, पण तिन्ही गाड्यांत खिडकी मिळवली. एक पोरगी उठायले तयार नव्हती. तिले म्हटलं, बाई, तुझ्या वयाची झाली का मी उभी राहीन. गाडी हसली, पोरगी उठली.

नातू चंद्रशेखर स्टँडवर घ्यायले आला होता. मी आली ती त्याच्यासाठी नाही, नातसुनेसाठी. समताले पाचवा महिना आहे न तिले माय नाही. बाळंतपण उरकलं का माझं घर न मी.

घर झकास. खाली चंद्रशेखरचा फोटो स्टुडिओ, वर दोन खोल्या, सैपाकघर, न सैपाकघरातून मागं उतरणारा लोखंडी जिना. समोरच्या खोलीत माझा दिवाण टाकला. इथले लोक मले-तुले सोडून मला-तुला करतात, जालन्याचं वारं लागलेलं. ही वही समतानं दिली. म्हणे आजी, चौथी शिकल्या तुम्ही, लिहीत जा, नाहीतर दिवसभर माझं डोकं खासाल. पोरगी तिखट आहे. पटली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी खाली स्टुडिओत जाऊन बसली. चंद्रशेखर कंपुटरवर फोटो उलटे करत होता. डोक्यावर पाय असे उलटे नाही, डावीकडचं उजवीकडं, आरशासारखं. एक टिचकी मारली का झालं. मी म्हटलं, हे काय धंदे. तर म्हणे आजी, लोक आपलं तोंड आरशातच पाहतात, फोटोतलं त्यायले परकं वाटते. उलटं करून दिलं का खूश होऊन जातात. एकदा मात्र नवरीचा फोटो उलटा केला न पदर उजव्या खांद्यावर गेला. नवरीची आत्या दुकानात येऊन भांडली.

मग अजून एक सांगितलं. म्हणे आपण डावीकडून वाचतो, म्हणून नजरही डावीकडून चालते. फोटोतला माणूस उजवीकडं तोंड करून चालत असला का नजरेच्या संगं जाते, म्हणजे चाललेला वाटते. तोच उलटा केला का नजरेच्या समोरून येते. येणारा वाटते. माणूस तोच, रस्ता तोच.

पोरगं हुशार आहे. मुंगीले पाय लावत नाही. दिसायले आज्यावर गेला, तेवढंच एक वाईट.

१० नोव्हेंबर, रविवार

आज चंद्रशेखरनं भिंतीवर गुलाबराव टांगला. गुलाबराव म्हणजे माझा नवरा.

त्याचा हा एकच फोटो. जत्रेत आलेल्या फोटोवाल्यानं रस्त्याचा काढला होता, त्यात हा आला. पिशवी घेऊन आडवा चाललेला, एकच बाजू दिसते, पुढं मैलाचा दगड. त्या दिवशी गेला त्याले पंचेचाळीस वर्षं झाली. आला नाही. मी वाटही पाह्यली नाही. माझा डावा कान त्याच्या उजव्या हातानं गेला न पहिलं पोट त्याच्या लाथेनं. तो घरात शिरला का मी मान खाली घालून सूप हाती घेत होती. माझा हात कामात चालू दिसला का कधी कधी सोडून देत होता.

फोटो प्रेमानं नाही ठेवला. गेला याचा पुरावा म्हणून ठेवला. सोनाळ्यात असा लावला होता का त्याचं तोंड दाराकडं. रोज सकाळी पाहत होती, जाऊन राह्यला ना, मग जा बापा.

हे पोरांले कधी सांगितलं नाही. त्यायले एवढंच माहीत का आजोबा कामाले गेले न तिकडंच वारले. चंद्रशेखरनं तो फोटो माझ्या पेटीतून काढून मोठा केला, चौकट केली, मले चकित करायले.

दिवाणावर बसलं का ती भिंत समोर. माझ्या उजव्या हाताले बाहेरचं दार, डाव्या हाताले सैपाकघर. पाह्यलं तर गुलाबरावाचं तोंड सैपाकघराकडं. मैलाच्या दगडावरचा आकडा उलटा. कापसाच्या जिनिंगमध्ये तुटलेली दोन बोटं डाव्या हाताची, ती उजव्या हाताले आलेली. विचारलं, हे काऊन केलं. म्हणे घरातल्या मोठ्या माणसाचं तोंड घराकडं पाहिजे, नाहीतर घर सोडून चालल्यासारखं वाटते.

मी म्हटलं, तो घर सोडूनच चालला होता. चंद्रशेखर हसला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

शेजारची खाला डाळ मागायले आली. उर्दू शाळेत शिकलेली, उजवीकडून वाचणारी. फोटो पाहून म्हणे, दादामियाँ कहाँ चले. मी समताले हाक मारून विचारलं, तुले काय दिसते. ती म्हणे आजोबा येऊन राह्यले.

खाला गेल्यावर मीही उजवीकडून पाह्यची कोशिश केली. नाही जमत. चौथीपर्यंतच शिकली, पण डोळे तेवढ्यात बिघडले.

त्याच्या नाकापासून चौकटीपर्यंत चार बोटं जागा आहे. मोजून ठेवली. काऊन मोजली, माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

तीन बोटं.

मैलाचा दगड पुढं होता, आता त्याच्या पायाशी आहे. समताले दाखवलं तर म्हणे आजी, चष्म्याचा नंबर वाढला. आम्ही बुद्धाले मानणारे, भुताले नाही, हे मीच तिले शिकवणार होती.

चंद्रशेखरले म्हटलं, फोटो सुलटा कर. म्हणे करतो, लग्नसराई आहे, वेळ भेटू दे. आवाजात काही नव्हतं. पण भाकर डाव्या हातानं मोडली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

एक बोट. दगड मागं पडला.

फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. समतानं परत सरळ केला, म्हणे बरं दिसत नाही.

चंद्रशेखरच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली. सरळ होत नाहीत. माउस धरून धरून, म्हणे. भांग दुसऱ्या बाजूनं पाडते. समताले म्हटलं, पाह्यलं का. ती म्हणे फॅशन असंल.

भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं ताट सरकवलं. फेकलं नाही. सरकवलं. गुलाबरावही आधी सरकवतच होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज मतदान. माझं नाव सोनाळ्याले, मी घरीच. दोघं जाऊन आले. समताच्या डाव्या बोटाले शाई. चंद्रशेखरच्या उजव्या.

विचारलं. म्हणे मी डावाच हात दिला होता.

फोटोत कोणी नाही. रस्ता आहे, दगड आहे. समता किती वेळ उभी राहून पाहत होती. या वेळी चष्म्याचं काही बोलली नाही.

मी तिले सगळं सांगितलं, कान, पोट, सगळं. आधी सांगायले पाहिजे होतं. म्हटलं, चल, सोनाळ्याले जाऊ. ती म्हणे आजी, ते असे नाहीत.

हो. ते असे नाहीत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

त्यानं स्वतःच फोटो सुलटा करून आणला. म्हणे घे, झालं समाधान.

दगडावरचा आकडा सुलटा झाला. रस्त्याले काही फरक नाही. रिकाम्या रस्त्याले उलटं काय न सुलटं काय. जाणाराच नाही तर कोणाले पाठवू —

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

समताले हाक मारली. वळली नाही. मी दुसऱ्या बाजूनं गेली तेव्हा ती दचकली.

उजव्या कानानं ऐकू येत नाही. म्हणे पाणी गेलं.

माझा डावा. तिचा उजवा. हात उलटा, बाकी —

पोट दोन्ही हातांनी धरून बसते. सोनाळ्याले जाऊ, आता तीच म्हणाली. उद्या, तो खाली असताना, मागच्या जिन्यानं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या जिन्याले कुलूप. म्हणे चोऱ्या वाढल्या.

खालाले हाक मारली. तिच्या दाराले बाहेरून कडी. गावाले गेली.

समता सैपाकघरात पिशवी भरून राह्यली. पुढच्या दारानं जाऊ म्हटलं. तिची पाठ माझ्याकडं, उजवा कान इकडं.

पुढच्या जिन्यावर पाय वाजले. माझ्या चांगल्या कानाले.

दारात उभा आहे. मान वर करत नाही मी. लिहिते आहे तोवर त्याले वाटंल म्हातारीले काही समजलं नाही. हात चालू दिसला का कधी कधी —

डावा हात चौकटीवर. पाचही बोटं.

गुडघे उठू देत नाहीत. हाक मारली तर तिच्या आधी तो —

लिहायचं ते डावीकडून. ओळ दरवेळी उजवीकडं, दाराकडं, त्याच्याकडं जाऊन संपते. आखूड ठेवते. डावीकडं, समताकडंच ठेवते.

चप्पल काढली नाही त्यानं.

समता

समता वळ

सम—