जावयाचा एक पेला

प्रिय दादा, तुला आणि वहिनीला प्रभूच्या नावाने सलाम.

मी इथे लेकीकडे बरी आहे. लेकीला सातवा महिना लागलाय, तब्येत चांगली आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

जावई रोज जेवताना एक पेला द्राक्षारस घेतात. बायबलात पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगितलं, असं ते म्हणतात; हे मीही वाचलंय. पण वचन तोंडपाठ असलेल्या पिणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो.

काल त्यांचा पेला मीच काठोकाठ भरला. म्हटलं, बघू तरी.

"आई, जावयाला बुडवायचा बेत आहे का?" ते हसले. अर्धा पिऊन पेला बाजूला सारला आणि ताटं उचलायला लागले.

लेक म्हणाली, "आता तरी पटलं?"

उरलेला पेला मी संसारात कधी पाहिलाच नव्हता, दादा. तो मी मोरीत ओतला. आमच्या ह्यांनी एवढा अर्धा जरी ठेवला असता, तर आज असते.

बाळंतपण आटोपलं की परत ये म्हणतोस. पण ह्यांचा 'थोडा' वाढला तो लेक पाळण्यात असताना. तेव्हा बाळ रांगायला लागेपर्यंत मी इथेच आहे.

गुडघ्याला शेक घे, आणि प्रार्थनेत जावयाचं नाव घेत जा.

तुझी धाकटी