उंबऱ्यावरची मुलगी

२ मार्च, सोमवार

१७ फेब्रुवारीच्या पानावर चूक आहे. मी तिथे लिहिलंय, 'जळालेल्या घराच्या उंबऱ्यावर एक मुलगी बसलेली दिसली.' दिसली नव्हती. तिथे कोणीच नव्हतं. काळं पडलेलं दार, उंबरा आणि त्यावर एक कळशी — एवढंच.

पेपरसाठी आगीच्या बातमीचं चित्र काढायला घरी बसले तर उजवा कोपरा ओका-ओका वाटायला लागला. बाबांनी मला शाळेत घालायच्या आधी जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं — कोपरा मोकळा सोडलास की बघणाऱ्याची नजर तिथूनच निसटते. म्हणून मुलगी बसवली. दोन वेण्या, गुडघ्यांवर हनुवटी. पाच मिनिटांचं काम. आणि संध्याकाळी इथे लिहायला बसले तोवर ती मला 'दिसली' होती!

खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नाही. हे जास्त वाईट.

३ मार्च

ते चित्र आता एका मदतसंस्थेच्या पत्रकावर आहे. आगीत गेलेली अकरा घरं पुन्हा उभी करायला मदतनिधी. पेपरच्या ऑफिसात मुलीसाठी पत्रं येतायत. एका निवृत्त मास्तरीणबाईंनी लिहिलंय, गणित जड जात असेल तर तिला माझ्याकडे पाठवा. तीन फ्रॉक आलेत, तिन्ही वेगवेगळ्या मापांचे.

बाबांकडून माझ्याकडे आलेल्या, पेपरातल्या रोजच्या विनोदी चित्रपट्टीतले नवरा-बायको अठरा वर्षं भांडतायत. त्यांचा पत्ता कुणी विचारला नाही. नवऱ्याचा चष्मा बदलला तेव्हा मात्र बारा तक्रारी आल्या! पट्टीतली माणसं खोटी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी फसत नाही. बातमीच्या चित्राला एकच आधार — मी तिथे गेले होते.

५ मार्च

बाबांना सांगितलं. ते निब धूत होते. मान वर केली नाही.

"कोपरा रिकामा होता ना? मग झालं तर. आपल्याकडे कुणी साक्ष मागायला येत नाही."

मी म्हटलं, आता आलेत. आई आतून म्हणाली, बापलेकीने आधी जेवून घ्या, मग काय ते भांडा. जेवताना बाबांनी मीठ तेवढं दोनदा वाढून घेतलं.

६ मार्च

संस्थेच्या सचिवबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, कोपऱ्यासकट. त्या मग म्हणाल्या, तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो.

सुटल्यासारखं झालं. पट्टी तासाभरात हातावेगळी!

९ मार्च, सोमवार

त्यांनी बघितलं ते असं — मुलगी शोधून काढली.

घरं गेलेली कुटुंबं शाळेच्या हॉलमध्ये राहतायत, तिथे गेले होते. मुलगी आठ वर्षांची. चित्रासारख्या दोन वेण्या घालून ठेवल्यात. आगीच्या दिवशी ती मामाकडे होती. तिच्या आईनेच हळू आवाजात सांगितलं. रविवारी, १५ तारखेला कार्यक्रम आहे, तिला मंचावर बसवणार. पहिलं घर त्यांचं बांधणार.

मुलीने माझी बाही ओढली. "ताई, मी कशी बसले होते? दाखव ना."

दाखवलं. जमिनीवर बसून, हनुवटी टेकवून दाखवलं. नाही म्हणता आलं नाही.

निघताना नळापाशी एका म्हाताऱ्या बाईंनी थांबवलं. एकट्या राहतात. तो उंबरा त्यांचा. म्हणाल्या, "कळशी बरोब्बर काढलीस हो. मलाच तेवढी विसरलीस." हसत म्हणाल्या. यादीत त्यांचं घर अकरावं आहे.

१० मार्च

संपादकांकडे गेले. खुलासा छापा म्हटलं. ते म्हणाले, कार्यक्रम होऊन जाऊ दे. आत्ता छापलं तर निधी आटेल, अकरा घरं बुडवायची आहेत का तुम्हाला?

 

११ मार्च

पट्टी दिली. हसू येण्यासारखी नाही.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी मुलीची आई दारात. आत या म्हटलं तरी येईना. पोर झोपेतून दचकून उठते म्हणाली. आग लागली तेव्हा मी उंबऱ्यावरच होते, सगळं बघितलं, असं सांगत रडते.

"तिला समजावून थकले, ताई. घराचं मागाहून बघू. ती तिथे नव्हती, हे आता तुम्हीच सांगा."

उद्या चार वाजता पट्टी थेट छपाईला जाते, मध्ये कुणी तपासत नाही. नवरा-बायकोला एक दिवस सुट्टी. त्यांच्या जागी माझ्या अक्षरात चार ओळी, उंबऱ्यावर मुलगी नव्हती हे सांगणाऱ्या, आणि खाली माझी सही.

अंकाची तारीख शनिवार, १४ मार्च. कार्यक्रमाचा आदला दिवस.