सुपारीचं चौथं पान

३ नोव्हेंबर
विहिरीकडच्या सुपाऱ्या पिवळ्या पडल्यात. आधी पात्यांची टोकं, आता झावळच्या झावळ. वादळानंतर लावलेली रोपं ही. यंदा कुठे धरायला लागली होती. हे म्हणतात, "ऊन लागलं असंल." ह्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण ऊन.

६ नोव्हेंबर
सकाळी भावोजी येऊन झाडं बघून गेले. त्यांची वाडी आमच्याला लागूनच, मध्ये नुसतं कुंपण. "पिवळा रोग हाय हा. औषध न्हाय त्याला. तोडून जाळा, न्हायतर माझीपण वाडी जाईल."
रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. ते घाबरले होते. दिवसभर शाळेत लक्ष नाही. पोरांना एकच पाढा दोनदा म्हणायला लावला.

८ नोव्हेंबर
पानं तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन. बऱ्या वाटल्या. खत कमी पडलं तरी पान असंच पिवळं होतं म्हणे. आजारी झाडांची पानं पाठवा, शेंड्याकडून चौथं पान, त्याच्या मधल्या पात्या. पानात अन्न कमी निघालं तर खत देऊन झाडं सावरतील. सगळं पुरेसं निघालं तर मात्र...
पुढचं मीच म्हटलं, "रोग."
ह्यांना सगळं नीट समजावलं. मान डोलावली.

१० नोव्हेंबर
मी शाळेत. ह्यांनी काशिनाथला, आमच्या नारळ-सुपाऱ्या पाडणाऱ्याला, झाडावर चढवून पानं काढली. सावलीत सुकवून कागदी पिशवीत भरतील. नेऊनही हेच देणार, दिघीहून लाँचने खाडीपलीकडे, प्रयोगशाळेत. आता वाट बघणं.

२४ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. नत्र पुरेसं. पालाश पुरेसं. मॅग्नेशियम पुरेसं. खाली वाचवेना.
म्हणजे रोगच. ओटीवर बसून राहिले. हे भात तसाच ठेवून उठले. भावोजींनी करवतवाल्याला निरोप धाडलाय, परवा येईल. विहिरीकडे जाववत नाही. गेले तर कुठलं झाड पहिलं पाडायचं तेच मनात येईल.

२५ नोव्हेंबर
काशिनाथ नारळ पाडायला आला. म्हटलं, "विहिरीकडची झाडं उद्या तोडणार." त्याने कोयता खाली ठेवला.
"पण वहिनी, तिकडची पानं काढलीच कुठं? दादांनी रस्त्याकडची काढायला लावली. चांगली, हिरवीगार."
ह्यांना विचारलं. शांतपणे म्हणतात, "अगं, घरातनं भायेर जायची वस्तू. परक्याच्या हातात पिवळी पानं द्यायची? काय म्हणतील?"
खरंच, ह्या माणसाने आजवर पाहुण्याला डागी नारळ दिलेला नाही. घरी आम्ही डागी खाणार. मी आधी ओरडले, मग हसूच आवरेना, मग रडले. हे पाण्याचा तांब्या घेऊन नुसते उभे. काय चुकलं ते त्यांना आता कुठे कळलं होतं.

२६ नोव्हेंबर
करवतवाला आला नि परत गेला. भावोजी म्हणाले, "नवा रिपोर्ट येईस्तवर थांबतो. पन त्याच्यापुढं न्हाय." बोलताना नजर कुंपणाकडे. कुंपणालगतच्या आमच्या सुपारीचंही टोक पिवळं झालंय. मला चार दिवसांपूर्वीच दिसलं होतं, बोलले नव्हते. त्यांनाही दिसलं असणार.
रजा टाकून झाडाखाली उभी राहिले. काशिनाथ वरून पिवळी पानं टाकत होता, मी झेलत होते. चौथंच पान मोजून घेतलं, त्यांतली सगळ्यात वाईट तीच निवडली. हे एका पानावरची धूळ धोतराने पुसायला लागले. पुसू दिली.

२९ नोव्हेंबर
पानं सुकली. पिशवी सकाळी देवापुढे ठेवली. हे चपला घालून दारात खोळंबलेले, दिघीची एसटी चुकेल म्हणून. शेवटी ह्यांनीच विचारलं, "येवढा वेळ काय मागतेस?"
आधी सांगवेना. वाडीला कधी काही कमी पडू नये, एवढंच मागत आले लग्न झाल्यापासून.
"आपली झाडं उपाशी निघू देत म्हटलं. अगदी उपाशी."
त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि माझ्या शेजारी हात जोडून उभे राहिले. एसटी चुकली. आता दुपारच्या गाडीने जातील.