धावपट्टीवर रंगवलेलं जहाज

६ ऑगस्ट
आजपासून रोज लिहिणार. जहाज असो-नसो, शिस्त हवीच. आमचं विमानवाहू जहाज भंगारात गेलं त्याला सहा वर्षं झाली. पण त्याचा विमानगट इथे अर्जेंटिनात, बाहिया ब्लांकाच्या तळावर अजून शाबूत आहे. म्हणजे उडण्याजोगी दोन विमानं, चार वैमानिक आणि मी. हलत्या डेकवर विमान उतरवणं ही कला आहे. एकदा हातातून गेली की गेली. ती जपण्याची जबाबदारी माझ्यावर. कोणी सोपवलेली नाही, पण काढूनही घेतलेली नाही.

९ ऑगस्ट
रोज लिहिणं जमलं नाही. कामात होतो. धावपट्टीवर जहाजाचा डेक नव्याने रंगवून घेतला, अगदी खऱ्या मापाचा. त्याच्या कडेला उभं राहून मी येणाऱ्या वैमानिकाला रेडिओवर सांगतो: वर घे, खाली घे, डावीकडे सरक. रेडिओ बंद पडला तर खुणा करायला हातात दोन नारंगी बॅट.
आज चुकून रेषेबाहेर पाऊल पडलं. लेदेस्मा, आमचा सगळ्यात तरुण वैमानिक, ओरडला, "सर, बुडालात!" सगळे हसले. मी गुपचूप परत डेकवर चढलो.

१७ ऑगस्ट, रविवार
मिर्ताचा भाऊ ओस्वाल्दो मेंदोसाहून आलाय. मी निखाऱ्यावर मांस लावत होतो. म्हणाला, "दाजी, आमच्या द्राक्षमळ्यांवर गारा पडतात. गारा होऊ नयेत म्हणून ढगाजवळ जाऊन औषध मारायला वैमानिक हवाय. घरही देतो. सप्टेंबरभर जागा धरून ठेवेन." मी म्हटलं, मी नौदलाचा माणूस आहे, द्राक्षं राखायला बुजगावणं नाही.
मिर्ता म्हणाली, "बुजगावण्याला निदान शेत तरी असतं."
मांस करपलं. वाऱ्यामुळे.

२ सप्टेंबर
मिर्ताची कटकट. सहा वर्षं 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' ऐकतेय म्हणे. या तळावरच्या वाऱ्याने डोकं उठलंय म्हणे. मी शांतपणे समजावलं की मी गेलो तर ही कला मरेल. म्हणाली, "तू राहिलास तर मी मरेन." बायका फार वाढवून बोलतात.
संकल्प: तिला कामात सामील करून घ्यायचं.
संध्याकाळी अंगणात तिच्या हातात बॅट दिल्या. मी गाडी आत आणायची, तिने खुणा करायच्या. उजवी बॅट छान धरते. लिंबाचं झाड गेलं. ती म्हणते, खूण बरोबर होती.

२१ सप्टेंबर
बातमी! ऑक्टोबरात ब्राझीलचं विमानवाहू जहाज आमच्या किनाऱ्यावरून जाणार. आमच्या पोरांना त्यावर चाकं टेकवून पुन्हा उडायची परवानगी मिळाली आहे. आणि त्यांना उतरवायला डेकवर मी! सहा वर्षांचं चीज झालं. लगेच ओस्वाल्दोला फोन करून नकार कळवला. जरा ऐटीतच.
मिर्ताने सगळं ऐकलं. माते चहाचं भांडं नेहमी तिच्याकडून माझ्याकडे येतं. आज तिने पुन्हा भरलं, पुन्हा स्वतःच प्यायली आणि विसळून ठेवलं. विसरली असेल.

११ ऑक्टोबर, जहाजावर
सकाळी चढलो. डोळे भरून आले. पाय बरोबर ओळखतात डेकला!
थोड्या वेळाने: बंदर सोडलं. जहाज जरा हलतंय.
दुपारी: नाश्त्यात काहीतरी होतं.

१२ ऑक्टोबर
कालचं शांत डोक्याने लिहितो. माझ्या जागी ब्राझीलचा अधिकारी उभा राहिला. लेदेस्माने रेडिओवर विचारलं, "आमचे सर कुठेत?" तो म्हणाला, "तुमचा गोलकीपर बादलीत तोंड घालून बसलाय."
चौघांचीही चाकं अचूक टेकली. म्हणजे माझं शिक्षण उत्तमच. धावपट्टी हलत नाही, हा तिचा दोष. सहा वर्षांत बाकी सगळं जपलं, समुद्र तेवढा राहून गेला.
संकल्प: रोज सकाळी झोपाळ्यावर उभं राहायचं.

१४ ऑक्टोबर
झोपाळ्याची दोरी कच्ची निघाली. कंबर.

२० ऑक्टोबर
लेदेस्मा निरोप घ्यायला आला. राजीनामा दिलाय. मेंदोसाला चाललाय, गारांच्या विमानावर. माझीच जागा! मिर्तानेच भावाला त्याचं नाव सुचवलं. लेदेस्मा म्हणाला, "सर, वाऱ्यात विमान स्थिर धरायला तुम्ही शिकवलंत, विसरणार नाही." मी म्हटलं, अरे, पण द्राक्षं? एवढी कला आणि द्राक्षं?
म्हणाला, "निदान गारा खऱ्या असतात, सर."

२७ ऑक्टोबर
मिर्ता आज मेंदोसाला गेली. बसच्या दारात म्हणाली, "नॉर्बेर्तो, चल ना. अजून जागा आहे बसमध्ये." खरं सांगायचं तर पाय उचलला होता.
पण उरलेल्या तिघांचीही मालवाहू विमानांवर बदली झालीय. जहाजावर उतरणं येणारा आता तळावर मी एकटाच. पूर्वी निघता तरी आलं असतं. आता कसं निघणार?
उद्यापासून सराव पुन्हा सुरू. मीच उडणार, मीच उतरणार. बॅट मिर्ता धरेल, असं ठरवलं होतं.