बागेतली टणक माती

३ मार्च
आज गावच्या समितीत पुन्हा तेच — गाई, गाई, गाई! मागच्या पावसात उतारावरचा चिखल शाळेच्या वर्गांत शिरला, त्याचं खापर दूधवाल्या काकूंच्या गाईंवर फोडून सगळे मोकळे. "खुरांनी जमीन दबते, चराई बंद करा." माती तपासणं हे माझं काम, पण मला कुणी विचारलंही नाही. माझी धाकटी त्याच शाळेत आहे. आता मोजल्याशिवाय कुणाला काही ठरवू देणार नाही!

५ मार्च
उतारावर वर झाडी, मध्ये कुरण, खाली शाळेच्या अगदी डोक्यावर दादाची फळबाग. सळई घेऊन तिन्हीकडे फिरले. सळईला जितका जोर लागतो तितकी माती दबलेली. झाडीत लोण्यात सुरी जावी तशी गेली. कुरणात जरा जोर लागला. बागेत मात्र सहज! दादा बांधावर उभा राहून हसत होता. "गवताची एक काडी दाखव. आरशासारखी ठेवलीय बाग!" भाऊ सुटला म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

६ मार्च
वहिनीचा फोन. "तुम्ही येणार म्हणून ह्यांनी आदल्या दिवशी बागेला भरपूर पाणी सोडलं होतं." ओल्या मातीत सळई शिरणारच! नवशिकीसारखी फसले. आणि हा लबाड — लहानपणीही माझे पत्ते बघूनच खेळायचा.

१२ मार्च
तिन्हीकडे सारखं पाणी घातलं, सारखंच मुरू दिलं, मग मोजलं. बागेत ट्रॅक्टर फिरतो त्या पट्ट्यांत सळई वीतभरही जाईना. अंगाचं सगळं वजन टाकलं, तरी नाही. वरून पाणी ओतलं तर मुरायचं सोडून वाहत सुटलं, जाताना माती घेऊन गेलं — अडवायला गवत आहे कुठे! कुरणात गाईंच्या पायवाटा तेवढ्या घट्ट आहेत, बाकी मुळांनी माती धरून ठेवलीय.

दादाला तिथेच सांगितलं. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालू नकोस, ओळींमध्ये गवत वाढू दे, काही वर्षांत माती पुन्हा मोकळी होईल.

"गवत वाढवू? लोक म्हणतील आळशी झाला! आणि तू तर घरभेदीच निघालीस."

फार लागलं. तरी लिहिणार.

१३ मार्च
अहवाल दिला. एक शब्द मवाळ केला नाही.

२४ मार्च
दादाचा अबोला. आई म्हणते, "भावापेक्षा माती मोठी झाली का गं?" मी म्हटलं, "नातीच्या वर्गात चिखल आला तो कुणाचा?" वहिनीने मात्र हळूच सांगितलं, ओळींत गवत उगवलंय आणि दादाने ते उपटलेलं नाही. मनातल्या मनात उड्या मारल्या!

२ एप्रिल
अहवाल एकमताने मंजूर. गाई राहणार. दादाची बाग मात्र समिती ताब्यात घेऊन तिथे डांबरी वाहनतळ करणार! अध्यक्ष खुशीत म्हणाले, "जमीन आयतीच टणक आहे, तुम्हीच सिद्ध केलंत, ताई." डांबरात थेंबभर तरी मुरेल का? सगळं पाणी थेट शाळेवर! दादा सभेच्या दारात उभा होता. "आता बोल की," एवढंच म्हणाला.

बोलणारच आहे. उद्यापासून त्याच्या बाजूने.